चित्रेचा पत्ता कोणत्या सालचा?

जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा चित्रा दक्षिणेला चांगली वर आली होती. काकांनी दुर्बिणीवरचं फडकं काढण्याआधी मोबाईल माझ्यापुढे धरला. स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या अ‍ॅपमध्ये चित्रा निवडलेली होती.

"हे बघ. तारा एक आणि पत्ते दोन. वरच्या ओळीत 'जे २०००', खालच्या ओळीत आजच्या तारखेचा. विषुवांश वेगळा, क्रांती वेगळी. आता माझा नकाशा बघ, त्यात तिसराच आकडा. यातला खरा कुठला?"

"तिन्ही खरे."

"एका प्रश्नाला तीन बरोबर उत्तरं मी वर्गात कधी चालू दिली नाहीत."

काकांनी रत्नागिरीजवळच्या एका गावात आयुष्यभर गणित शिकवलं. आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासून तयार केला. दुर्बीण ज्या घोडीवर बसवली आहे, तिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला आहे आणि दोन्ही अक्षांवर अंश कोरलेल्या चकत्या आहेत. त्यांचा नकाशा १९५० सालचा. मी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रातल्या निरीक्षणांवर काम करते. माझं आकाश बहुतेक वेळा पडद्यावरच्या रकान्यांत असतं. त्या रात्री आमचा वाद लांबला. आकाशनिरीक्षण करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी अडतो, म्हणून तो वाद इथे मांडते आहे.

काकांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. १९५० ची चित्रा: विषुवांश १३ तास २२ मिनिटं ३३ सेकंद, क्रांती उणे १० अंश ५४ कला ३ विकला. २००० ची चित्रा: १३ तास २५ मिनिटं १२ सेकंद, उणे ११ अंश ९ कला ४१ विकला.

"यात चित्रा स्वतः किती हलली?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ नाहीच. पन्नास वर्षांत दोन-तीन विकला. बाकी सगळी आपली हालचाल. विषुवांश मोजायचा वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून, आणि क्रांती मोजायची त्या विषुववृत्तापासून. पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगलेली आहे, तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त. त्या फुगवट्याला चंद्रसूर्य ओढतात आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फिरतो. फेरी सुमारे २५,८०० वर्षांची. संपातबिंदू वर्षाला ५०.३ विकला मागे सरकतो. म्हणजे मोजपट्टीचा शून्यच सरकतो."

"संपातचलन मला सांगू नकोस, ते मी मुलांना शिकवलंय. हे बघ."

त्यांनी भराभर आकडे मांडले. क्रांतीत दरवर्षी पडणारा फरक म्हणजे २०.०४ विकला गुणिले विषुवांशाची कोज्या. चित्रेचा विषुवांश अंशांत २०१, त्याची कोज्या उणे ०.९३. वर्षाला उणे १८.७ विकला, पन्नास वर्षांत ९३५, म्हणजे १५ कला ३५ विकला. विषुवांशाचा फरक वर्षाला ३.०७५ सेकंद, अधिक १.३३६ गुणिले विषुवांशाची ज्या गुणिले क्रांतीची स्पर्शज्या. वर्षाला ३.१७ सेकंद, पन्नास वर्षांत २ मिनिटं ३८ सेकंद. १९५० च्या आकड्यांत हे मिळवल्यावर २००० चे आकडे दोन-तीन विकलांच्या आत जुळले.

हे सूत्र मला फार आवडतं. काक्षीचा विषुवांश सहा तासांच्या जवळ आहे, तिथे कोज्या जवळपास शून्य. म्हणून त्याच पन्नास वर्षांत काक्षीची क्रांती अर्धी कलासुद्धा बदलली नाही. शून्य तासांच्या किंवा बारा तासांच्या जवळचे तारे मात्र भरपूर सरकतात. चित्रा त्यांतली.

"पाहिलंस?" काका म्हणाले. "दोन गुणाकार आणि एक बेरीज. मग तुम्ही लोकांनी आकाश २००० सालावर गोठवून का ठेवलंत? माझी दुर्बीण आजच्या ध्रुवाकडे रोखलेली आहे. आज रात्री तारा जिथे आहे तो त्याचा पत्ता. बाकीचे जुने."

"पण तुम्ही स्वतःच १९५० चा नकाशा वापरता की."

"वापरतो. कारण मी आधी चित्रा धरतो, चकत्या तिच्या आकड्यांवर लावतो आणि तिथून फरकाने सरकतो. सोम्ब्रेरो दीर्घिका बघायची आहे ना? १९५० च्या नकाशात ती चित्रेच्या ४५ मिनिटं १० सेकंद पश्चिमेला आणि २६ कला ५२ विकला दक्षिणेला. तुझ्या २००० च्या सूचीत किती?"

मी पाहिलं. ४५ मिनिटं १२ सेकंद आणि २७ कला ४२ विकला.

"दोन सेकंद आणि पन्नास विकलांचा फरक. माझ्या भिंगाला तो कळतसुद्धा नाही. दोन्ही पत्ते एकाच सालचे घेतले की साल कुठलं याने काही बिघडत नाही. बिघडतं कधी? चित्रा मोबाईलवरून घेतली आणि दीर्घिका नकाशावरून, तर."

त्यांचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. दोन सालांची सरमिसळ झाली तर चित्रेच्या भागात चूक होते ४२ कलांची, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून जास्त. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, तिची एकेक तबकडी ४५ मीटरची. १,४०० मेगाहर्ट्झला तिला आकाशाचा सुमारे २४ कलांचा तुकडा दिसतो. १९५० चे आकडे २००० चे म्हणून तिला दिले तर हवा तो स्रोत त्या तुकड्यात येणारच नाही, आणि यंत्र मात्र कुठलीही तक्रार न करता रात्रभर रिकामं आकाश टिपत राहील.

पण काकांची युक्ती शेजारच्या ताऱ्यांपुरती आहे, हे दाखवायला मी त्यांना ध्रुवाकडे वळवलं.

"ध्रुव घ्या. १९५० ला विषुवांश १ तास ४८ मिनिटं ४९ सेकंद, क्रांती ८९ अंश २ कला. तुमच्या सूत्राने २००० चा काढा."

त्यांनी काढला. वर्षाला ३९ सेकंद, पन्नास वर्षांत साडेबत्तीस मिनिटं.

"प्रत्यक्ष फरक त्रेचाळीस मिनिटांचा आहे. २००० मध्ये ध्रुवाचा विषुवांश २ तास ३१ मिनिटं ४९ सेकंद. तुमची दहा मिनिटं कुठे गेली?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ध्रुवापाशी विषुवांशाच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथली दहा मिनिटं म्हणजे आकाशात दोनेक कला."

"बरोबर. पण चूक आहेच. सूत्र १९५० चा वेग धरून सरळ रेषेत चालतं आणि ध्रुवापाशी तो वेगच दरवर्षी बदलतो. म्हणून आता ते कुणी वापरत नाही. ताऱ्याची दिशा तीन अक्षांवरच्या तीन संख्यांत लिहायची आणि सगळी चौकटच तीन कोनांतून फिरवायची. ते कुठेही अडत नाही, ध्रुवावरसुद्धा."

"मग तसं फिरव आणि आजचं आकाश दे. गोठवायचं कशाला?"

"काका, गाया या युरोपीय उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची सूची केली आहे. ती दरवर्षी नव्याने लिहायची? आणि माझी सूची यंदाची, तुमची गेल्या वर्षाची, जपानमधल्या कुणाची त्याआधीची असं झालं तर आम्ही एकमेकांशी बोलणार कसे? सूची एका चौकटीत ठेवायची आणि दुर्बीण वळवताना, अगदी शेवटच्या क्षणी, आजचा पत्ता काढायचा. तुमच्या मोबाईलमधल्या दोन ओळी त्याच. वरची एकमेकांना सांगायची, खालची दुर्बिणीला."

काकांना हे पटलं नाही. व्यवहार म्हणून त्यांनी ते मान्य केलं, पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

"टिळकांचं 'ओरायन' १८९३ चं," ते म्हणाले. "वसंतसंपात मृगशीर्षात असतानाच्या खुणा वेदांत सापडतात, असं धरून त्यांनी मृगकाल ख्रिस्तपूर्व ४००० ते २५०० असा मांडला. तो काळ कुणाला पटो न पटो, पण रीत बघ. संपात हे त्यांनी घड्याळ केलं. आणि तुम्ही ते घड्याळच बंद करून ठेवता."

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता आणि त्याचं उत्तर मला मनापासून द्यायचं होतं.

"बंद नाही केलं. काटा तबकडीपासून सोडवला. आधी तबकडी आणि काटा एकत्रच फिरत होते. मोजायचं संपातापासून आणि संपातच सरकणारा, मग तो किती सरकला हे ठरवायचं कशावरून? ताऱ्यांवरून. पण तारेही स्वतः हलतात. १७१८ मध्ये हॅलीने दाखवलं की स्वाती, रोहिणी, व्याध हे टॉलेमीच्या जुन्या जागांवरून सरकलेत. म्हणजे सरकणाऱ्या शून्याचा वेग हलणाऱ्या ताऱ्यांवरून काढायचा. न्यूकोमने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो काढला आणि जगाने कितीतरी दशकं वापरला. तो शतकामागे सुमारे एका विकलेने कमी निघाला. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने नवा आकडा घेतला, शतकाला ५०२९.०९६६ विकला. तोही ०.३ विकलेने जास्त निघाला. आज जो वापरतात तो २००६ चा, ५०२८.७९६."

"एवढी बारीक चूक कळली कशी?"

"तबकडी स्थिर केली म्हणून. १ जानेवारी १९९८ पासून आकाशाची चौकट संपाताला बांधलेलीच नाही. ती बांधली आहे क्वेसारांना, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांना. ते इतके दूर आहेत की त्यांची स्वतःची हालचाल आपल्याला मोजता येण्याजोगी नाही. खंडाखंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकच क्वेसार ऐकतात आणि विकलेच्या हजाराव्या भागाहून बारीक जागा मिळते. पहिल्या यादीत असे २१२ खांब होते, २०१९ पासूनच्या तिसऱ्या यादीत ३०३ आहेत. जे २००० ची दिशा सोयीसाठी कायम ठेवली, पण ती चौकट आता कुठल्याच सालची नाही. २०५० उजाडलं तरी ती बदलायची गरज नाही. टिळकांचं घड्याळ आज जितकं नेमकं चालतं तितकं ते कधीच चाललं नव्हतं."

काका उठून कठड्यापाशी गेले. खालून विहिरीवरच्या पंपाचा आवाज येत होता. परत आले ते दुसराच मुद्दा घेऊन.

"संपात मला अंगणात शंकू रोवून सापडतो. मार्च महिन्यात रोजच्या सावल्या मोजल्या की दिवस कळतो. क्वेसार कुठे सापडणार? ज्ञानाचा पाया असा हवा की तो शाळेतल्या मुलाला स्वतः तपासता यावा."

यावर मी तेव्हा काही बोलले नाही. आजही हा आक्षेप मला हलका वाटत नाही.

मग बोलणं पंचांगावर गेलं आणि ते जाणारच होतं, कारण आमच्या घरी टिळक पंचांग चालतं. आमची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. २०२३ मध्ये महाराष्ट्रात बहुतेकांचा अधिक श्रावण चालू होता तो महिना आमचा निज होता. आमचे गणपती ऑगस्टमध्ये बसले, पुण्यात ते सप्टेंबरमध्ये आले, आणि मला एकाच सणाची रजा दोनदा मागावी लागली.

"हा सगळा माझ्याच विषयातला वाद आहे," मी काकांना म्हटलं. "निरयन राशीचक्राचा शून्य ताऱ्याला बांधायचा. कुठल्या? केरूनाना छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये छापली. त्या परंपरेने रेवतीची बारीक योगतारा धरली. टिळकांनी तिचाच पक्ष घेतला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा धरली, शून्य तिच्या बरोबर समोर. दोन शून्यांत अंतर पडलं चार अंशांचं. सूर्य ते अंतर चार दिवसांत तोडतो, म्हणून संक्रांत चार दिवस आधी. गणित दोन्हीकडे शुद्ध आहे. खुंटी वेगळी."

"आणि साहा समितीने चित्रा धरली."

"धरली, पण मला त्यांची वेगळीच गोष्ट आवडते. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने नुसतं 'चित्रेसमोर' म्हणून सोडलं नाही. २१ मार्च १९५६ ला अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि हा शून्य यांतलं अंतर, २३ अंश १५ कला, असा तारखेसकट आकडा दिला. त्या एका ओळीवरून कुणालाही कुठल्याही सालचा अयनांश काढता येतो. चित्रा पुढे थोडी सरकली तरी अडत नाही. भारतात इतक्या नेमकेपणाने लिहिलेली चौकटीची व्याख्या मला दुसरी ठाऊक नाही."

"म्हणजे तारीख महत्त्वाची."

"सगळ्यात महत्त्वाची."

"मग आता माझं ऐक," काका म्हणाले आणि मांडी घालून बसले. "हिपार्कसला संपातचलन सापडलं ते याच चित्रेवरून. त्याच्या दीडशे वर्षं आधी अलेक्झांड्रियात टिमोकॅरिसने ती मोजली होती. तेव्हा चित्रा शरदसंपाताच्या आठ अंश अलीकडे होती, हिपार्कसला सहा अंश मिळाली. दोन अंशांचा फरक. समज, मधल्या कुणी हुशार माणसाने टिमोकॅरिसचा आकडा 'जुना झाला' म्हणून खोडून नवा लिहिला असता, तर? शोध त्या फरकातच होता. तुम्ही रूपांतर करता म्हणजे फरक पुसता."

मला हे ऐकून टॉलेमी आठवला. इसवी सन १३७ साठी त्याने हजारावर ताऱ्यांची सूची दिली. तिच्यातले भोगांश सरसकट सुमारे एका अंशाने कमी आहेत. बऱ्याच अभ्यासकांचा निष्कर्ष असा की त्याने ते सगळे स्वतः मोजले नाहीत. हिपार्कसच्या आकड्यांत २ अंश ४० कला मिळवल्या. शतकाला एक अंश हा वेग धरून २६५ वर्षांचे तेवढेच होतात, खरे पाहिजे होते साडेतीनहून जास्त. रूपांतराचा वेग चुकला आणि ती चूक पुढे शतकानुशतकं नकाशांबरोबर फिरली. मूळ आकडे शेजारी लिहिलेले असते तर कुणीही ती दुरुस्त करू शकला असता.

काकांना हे सांगितलं. आणि मग माझीही एक चूक सांगितली, कारण ती लपवून या वादात बोलणं बरं दिसलं नसतं.

शिकत असताना मी जवळच्या काही ताऱ्यांची जुनी छायाचित्रं शोधत होते, १९५० च्या दशकात काचेच्या पट्ट्यांवर घेतलेली. पत्ते गायाच्या सूचीतून घेतले. त्यात बर्नार्डचा तारा होता, आकाशात सर्वांत वेगाने सरकणारा. पट्टीवर त्या जागी काहीच नव्हतं. मी दोन दिवस रूपांतराची आज्ञावली तपासत बसले. चौकट बरोबर होती, कोन बरोबर होते. पण तो तारा स्वतः वर्षाला दहा विकलांहून जास्त सरकतो, आणि पट्टीपासून गायापर्यंत साठहून अधिक वर्षं गेली होती. तो अकरा कलांच्या आसपास दूर होता. मी चौकटीची तारीख पाहिली आणि ताऱ्याची विसरले.

"या दोन वेगळ्या तारखा आहेत?"

"अगदी वेगळ्या, आणि बहुतेक चुका इथेच होतात. एक तारीख चौकटीची: मोजपट्टी कधीच्या संपाताची? दुसरी ताऱ्याची: त्याची जागा कुठल्या क्षणाची? गायाच्या तिसऱ्या सूचीची चौकट जे २००० च्या दिशेचीच, पण ताऱ्यांच्या जागा २०१६ च्या. ते आकडे 'जे २०००' समजून कुणी वापरले तर बर्नार्डच्या ताऱ्यासाठी पावणेतीन कला चुकतील. हिप्पार्कोस उपग्रहाच्या जागा १९९१.२५ च्या. निजगती, म्हणजे ताऱ्याची स्वतःची हालचाल, धरून तारा आधी त्याच्या क्षणावरून हव्या त्या क्षणावर आणायचा, मग चौकट फिरवायची."

"आणि क्वेसारला निजगती नाही, तेव्हा त्याला दुसरी तारीख नको."

"नव्या चौकटीत नको. पण जुन्या बी १९५० मध्ये क्वेसारलाही लागते."

काकांच्या भुवया वर गेल्या. मलाही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. १९५० ची चौकट ज्या मूलभूत सूचीवर उभी होती, ती सूचीच क्वेसारांच्या मानाने अगदी सावकाश फिरत होती, कारण तिच्यात न्यूकोमचा चुकलेला वेग आणि संपाताच्या जागेतली चूक होती. त्यामुळे जो क्वेसार हलतच नाही, तो त्या चौकटीत हलताना दिसतो. त्याची जागा १९६५ ला मोजली की १९८० ला, हे ठाऊक असल्याशिवाय ती जे २००० मध्ये अचूक नेता येत नाही. शिवाय पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्याचा प्रकाश जो थोडा कलल्यासारखा दिसतो, त्यातला एक बारीक भाग, विकलेचा तिसरा हिस्सा, जुन्या सूचीतल्या जागांमध्ये मुरलेला असे. आधी तो काढायचा, मग फिरवायचं. बी १९५० वरून जे २००० वर जाणं म्हणजे नुसतं पन्नास वर्षांचं संपातचलन नाही. काकांच्या दोन गुणाकारांत ते मावत नाही ते यामुळे.

'बी' म्हणजे बेसेल, 'जे' म्हणजे ज्युलियन. बेसेलचं वर्ष सूर्याच्या फेरीला बांधलेलं, म्हणून बी १९५०.० हा क्षण पडतो ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री, ग्रिनिचच्या वेळेने दहाच्या सुमारास. जे २०००.० मात्र १ जानेवारी २००० ची दुपार, कारण ज्युलियन दिवस दुपारी सुरू होतो. स्पंदकांच्या नावांतही ही अक्षरं उतरली आहेत. खेकडा तेजोमेघातला स्पंदक जुन्या नावाने बी ०५३१+२१, नव्या नावाने जे ०५३४+२२००. वस्तू तीच, नावात घातलेला पत्ता दोन सालांचा. दोन्ही नावं आजही चालतात आणि त्याने कुणाचं काही अडत नाही, कारण अक्षर पुढे लिहिलेलं असतं.

साडेअकराला काकांनी फडकं काढलं.

"क्वेसार मला दिसत नाही, हे माझं म्हणणं अजून उभं आहे," ते म्हणाले.

"मग आज पाहू. ३सी २७३. कन्या राशीतच आहे. तेज तेराव्या प्रतीच्या किंचित अलीकडचं, तुमच्या आठ इंचीला आणि या अंधाराला झेपेल. मार्टेन श्मिटने १९६३ मध्ये त्याचा वर्णपट उलगडला आणि क्वेसार किती दूर असतात ते कळलं. हा सुमारे अडीचशे कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. आणि ऐका: क्वेसारांच्या ज्या रेडिओ सूच्यांवरून नव्या चौकटीतला विषुवांशाचा शून्य ठरला, त्यांनी याच क्वेसारचा विषुवांश पक्का धरून बाकीचे मोजले होते. १२ तास २९ मिनिटं ६.७ सेकंद."

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे हिपार्कसची खूण कन्येत, केतकरांची खुंटी कन्येत, आणि तुमचीही कन्येतच."

हा निव्वळ योगायोग आहे. पण त्या गच्चीवर, चित्रा समोर असताना, तो आम्हा दोघांनाही सुखावून गेला.

काकांनी चित्रा भिंगाच्या मध्यावर आणली आणि चकत्या लावल्या. कुठल्या सालच्या आकड्यांवर, हे मी विचारलं नाही. तिथून ५६ मिनिटं पश्चिमेला, सव्वातेरा अंश उत्तरेला. मी मोबाईलवर आजूबाजूच्या ताऱ्यांचा नकाशा धरला. पाऊण तास लागला. शेवटी एका ओळखीच्या त्रिकोणाशेजारी तो फिका निळसर ठिपका काकांना आधी दिसला, मला नंतर. साध्या ताऱ्याहून त्यात वेगळं काही दिसत नव्हतं.

आमच्यात एकमत झालं नाही. काकांच्या मते मुलांना आकाश शिकवायचं ते शंकूपासून आणि आजच्या संपातापासूनच, आणि शिकवण्यापुरतं मी ते मान्य करते. सूची मात्र स्थिर चौकटीतच हवी, यावर मी ठाम आहे. गेल्या अर्धशतकात खगोलशास्त्राने घेतलेल्या निर्णयांत संपाताचा आधार सोडण्याचा निर्णय मला सर्वांत धाडसाचा आणि सर्वांत बरोबर वाटतो.

झोपण्याआधी काकांनी त्यांच्या जुन्या वह्या काढल्या. सत्तरच्या दशकापासूनच्या धूमकेतूंच्या आणि चलताऱ्यांच्या नोंदी आहेत. प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ आहे, पण नकाशा कुठल्या सालचा ते कुठेच लिहिलेलं नाही, कारण तेव्हा घरात नकाशा एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाल शाईने प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'संपात १९५०' असं लिहायला घेतलं. आतला एकही आकडा बदलला नाही.

तुमच्या घरी, शाळेत किंवा आकाशमित्र मंडळाच्या कपाटात अशा निरीक्षणवह्या असतील तर एवढं करा. ज्यांनी त्या लिहिल्या ते हयात असतील तोवर त्यांना विचारून घ्या, नकाशा कुठला होता आणि घड्याळ कशाशी लावलेलं होतं. पहिल्या पानावर ते लिहा. आणि जुने आकडे नव्या चौकटीत नेलेत तरी ते वेगळ्या कागदावर न्या. मूळ आकड्यांवर पेन्सिलसुद्धा चालवू नका.